तिसऱ्या घंटेआधी एक ग्लास

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे. तिने आम्हाला मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या टाटा थिएटरमधल्या मराठी नाटकाची चार तिकिटं काढून दिली आहेत. शनिवार, संध्याकाळी ७. चार अशासाठी, की नाशिकची माझी नणंद आणि तिचे यजमान तेव्हा आमच्याकडेच असतील. मुलीचं म्हणणं, "नाटकाआधी एखाद्या कोझी कॉकटेल बारमध्ये बसा, काहीतरी खा आणि मग निवांत नाटकाला जा." आम्ही डोंबिवलीची माणसं. हे वर्षातून चार-सहा वेळा घरीच व्हिस्की घेतात, मी कधीमधी वाइन. बार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्टेशनजवळची काळ्या काचांची परमिट रूम येते. त्यात नणंद आणि भाऊजी माळकरी. त्यांना तिथे न्यायचं कसं, आणि न नेऊन चालेल कसं? काय मागवायचं, किती आधी जायचं, पैसे किती लागतील? आणि तोंडाचा वास घेऊन नाटकाला बसायचं का? हसू नका.

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

हसले. पण तुम्हाला नाही, त्या काळ्या काचांना. फोर्टमधल्या एका बँकेत मी २७ वर्षं काढली आणि बारची पायरी पहिल्यांदा चढले ती ३८व्या वर्षी. आम्हा चौघींपैकी एकीला बढती मिळाली होती. दारावरच्या माणसाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता "फॅमिली ऊपर" म्हणून जिन्याकडे बोट दाखवलं. वर एसी होता, टेबलावर प्लास्टिकचा गुलाब होता आणि आमच्याखेरीज एकही बाई नव्हती. चौघींत दोन बिअर मागवल्या आणि खाली कुणी ओळखीचं भेटेल या धास्तीने अर्ध्या तासात उठलो. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा तेवढ्या छान होत्या, त्या पर्समध्ये घालून आणल्या.

'परमिट रूम' हा शब्दच १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा प्रसाद आहे. प्यायला परवाना हवा, आणि परवानेवाल्यांनी बसायची ती खोली. कागदोपत्री परवाना आजही लागतो, विचारत कुणी नाही एवढंच. काळ्या काचा, मंद दिवे, रस्त्यावरून आतलं काही दिसू नये अशी बांधणी, हे सगळं चोरून करायच्या गोष्टीचं नेपथ्य. मुलगी म्हणतेय त्या बारमध्ये अंधार असतोच, फक्त तिथे त्याचे वेगळे पैसे पडतात. बाया निम्म्या तरी असतात, वेटर मेनू तुमच्याही हातात देतो आणि "मॅडम के लिए?" असं साहेबांना विचारत नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. तुमचं लग्न आता कुठे त्या वयाचं होतंय, तेव्हा मुहूर्त चांगला आहे.

आता गाठ सोडवू. तुमच्या पत्रात बारबद्दल चार प्रश्न आहेत, पण झोप उडालीय ती भाऊजींच्या माळेने. माझं मत स्पष्ट आहे, त्यांना बारमध्ये नेऊ नका. ते काही म्हणणार नाहीत हो. हसून "आम्ही आपलं लिंबू-सोडा घेऊ" म्हणतील, आणि तासभर चौघंही तुमच्या यजमानांच्या ग्लासकडे न बघण्याची कसरत करत बसाल. ते ग्लास घाईने संपवतील, तुम्ही तर मागवणारच नाही. पैसे कॉकटेलचे आणि वातावरण दहाव्याचं.

पण खोटंही बोलू नका. "जरा खरेदी आहे" वगैरे थापा नणंदांना लगेच कळतात. सरळ सांगा, "ताई, लग्नाच्या पंचविशीला आम्ही दोघं तासभर एकटे बसणार आहोत. तुम्ही साडेसहाला थेट थिएटरवर या." कुठे बसणार हे विचारलं तर तेही सांगा. माळकरी माणसं आपला नेम पाळतात, दुसऱ्याचा ग्लास मोजत बसत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे. तेवढ्या वेळात त्यांना मुंबादेवीचं दर्शन करायचं असेल, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सूर्यास्त बघायचा असेल. नाशिकची माणसं आहेत, हरवणार नाहीत. आणि चौघांनी एकत्रच असायला हवं असा तुमच्याच मनाचा हट्ट असेल तर बारचा नाद सोडा आणि चर्चगेटला के. रुस्तमकडे जाऊन वेफरमधलं आइस्क्रीम खा. ते चौघांनाही चालेल, हात चिकट होतील, काही बिघडत नाही. पण मग मला बारबद्दल विचारू नका. पुढचं सगळं तुम्ही दोघंच जाताय असं धरून लिहितेय.

'कोझी' या शब्दापाशी जरा थांबते. मराठीत त्याला 'ऊबदार' म्हणतात, पण डिसेंबरातही मुंबईत ऊब कुणाला हवी असते? आपल्याला हवा असतो गारवा, पाठीला भिंत, समोरच्याचं बोलणं ऐकू येईल इतपत शांतता, आणि बाजूच्या टेबलावरच्यांचे हेवेदावे आपल्या कानात पडणार नाहीत इतकं अंतर. एवढं जिथे मिळेल ती जागा तुमची. फोटोत दिसणारी मखमली खुर्ची आणि पितळी दिवे बघून भुलू नका. त्या खुर्च्यांत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि उठताना हात द्यावा लागतो.

जागेआधी वेळ ठरवा, आणि ती उलटी मोजा. नाटक ७ ला. टाटा थिएटर काही आपलं डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह नव्हे, की तिसरी घंटा झाल्यावरही अंधारात "जरा सरका" करत रांगेत शिरलं. तिथे वेळ म्हणजे वेळ. त्यात ही वास्तू फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुरचनाकाराने आखलेली, १९८० मध्ये उघडलेली, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं असा हिशेब ठेवून बांधलेली. रंगमंचावरचा उसासा जसा मागे पोचतो तसा तुमच्या पिशवीचा खुळखुळाटही दूरवर पोचतो. म्हणून पावणेसातला खुर्चीत. साडेसहाला फॉयरमध्ये, कारण भाऊजी वाट बघणार आणि स्वच्छतागृहाला रांग असणार. ती रांग टाळून चालणार नाही, दोन ग्लास पोटात असताना तर नाहीच. म्हणजे बारमधून सव्वासहाला बाहेर आणि सहाला बिल मागायचं. म्हणजे टेबलावर पाचला.

आता इथे खरी मेख आहे आणि ती मुलीच्या लक्षात आली नसणार, कारण ही पिढी बारमध्ये जाते रात्री नऊला. मुंबईतले बरेचसे नवे, नावाजलेले कॉकटेल बार संध्याकाळी सहा-सातला उघडतात. सातच्या नाटकाला त्यांचा उपयोग शून्य. जी ठिकाणं दुपारी जेवणासाठी उघडी असतात त्यांतल्या अनेकांचं स्वयंपाकघर साडेतीन-चारला बंद होतं आणि सातला पुन्हा पेटतं. मधल्या वेळात बारटेंडर असतो, खायला मात्र वेफर्स. फोन करून दोन वेगळे प्रश्न विचारा, बार कधी उघडतो आणि किचन कधी उघडतं. एकच विचारलात तर उत्तर बारचंच मिळेल.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळून सांगतेय. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगाआधी आम्ही दोघं उपनगरातल्या एका बारमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. ह्यांनी मेनूतलं सगळ्यात लांब नाव असलेलं पेय मागवलं. ते काचेच्या घुमटाखाली, धुरात, लाकडाच्या फळीवर येणार होतं. २५ मिनिटं आलं नाही. आलं तेव्हा वेटरने घुमट उचलून आधी वास घ्यायला सांगितलं, मग फोटो काढायला. आम्ही घड्याळाकडे बघत होतो. ग्लास अर्धा टाकून धावलो, थिएटरचं दार बंद झालं होतं, आणि पहिला अंक आम्ही बाहेर चहा पीत ऐकला, म्हणजे टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. चूक आमचीही. नाटकाआधी धूर, घुमट, आग, ड्राय आइस असलं काही मागवायचं नाही. त्याच्या नाटकात आपलं नाटक जातं.

जागा. एनसीपीए नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाला आहे, त्यापुढे समुद्र. त्यामुळे 'जवळचे' म्हणून सांगितले जाणारे बहुतेक बार कुलाबा, काळा घोडा किंवा फोर्टात निघतात. नकाशावर दोन-अडीच किलोमीटर, शनिवारी संध्याकाळी टॅक्सी मिळण्यासकट अर्धा तास धरा. चालत जाता येतील ती नरिमन पॉइंटची, समुद्राकडे तोंड केलेली मोठी हॉटेलं. महाग आहेत, त्यावर पुढे बोलू. पण त्यांचं एक सुख आहे. दुपारपासून उघडी असतात, पाचला गर्दी नसते, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो तो तुमच्या खिडकीसमोर. पंचविशीच्या संध्याकाळी मी तिथलीच एखादी जागा निवडेन. खिडकीचं टेबल मागून घ्या आणि कारण सांगायला लाजू नका, लग्नाचा वाढदिवस म्हटलं की टेबलं सापडतात.

ताजमहाल हॉटेलमधल्या हार्बर बारचा मोह मलाही होतो. १९३३ पासूनचा बार, मुंबईतला पहिला बार परवाना त्याच्या नावावर, समोर गेटवे. पण तिथून टॅक्सीने यायचं म्हणजे तुम्हाला पावणेसहालाच उठावं लागेल आणि सगळा वेळ घड्याळात जाईल. तो बार नाटक नसलेल्या संध्याकाळी करा. कुलाब्यात रीगल सिनेमाच्या चौकातलं वुडसाइड इन लाकडी, आटोपशीर आणि मला आवडणारं आहे, खायलाही बरं मिळतं, आणि खिशाला ताजपेक्षा खूपच सोसवतं. टॅक्सीचा हिशेब मात्र तोच. तिथल्याच माँडेगारला चुकूनही जाऊ नका असं म्हणणार होते, पण तसं म्हणवत नाही, कारण भिंतीवरची मारिओ मिरांडांची चित्रं बघायला मी अजूनही जाते. फक्त ती बिअरची, ज्यूकबॉक्सची आणि ओरडून बोलण्याची जागा आहे. २५ वर्षं एकमेकांशी ओरडून बोलून झालं असेलच की तुमचं.

गोंगाटाची परीक्षा घरबसल्या होते. आधीच्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला त्या बारला फोन लावा, टेबल मागण्याच्या निमित्ताने, आणि माणसाच्या मागचा आवाज ऐका. तो "हां? क्या बोला? फिर से बोलो" करत असेल तर समजा. त्याच फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या. यजमान कोल्हापुरी चप्पल घालणार असतील तर चालते का, कारण काही बार पुरुषांना उघड्या पायांनी आत सोडत नाहीत. झब्बा घातला म्हणून कुणी अडवत नाही, पायांवरून अडवतात. दुसरं, टेबल किती वेळ तुमचं. डिसेंबरातले शनिवार लग्नांचे आणि ऑफिस पार्ट्यांचे असतात. आणि आसपास कुठली निवडणूक नाही ना तेही बघा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास ड्राय डे असतो आणि सगळी तयारी लिंबू-सरबतावर येते.

मागवायचं काय? मेनू उघडलात की घाबरू नका. त्यातली निम्मी नावं फक्त त्या बारपुरती असतात, ती कुणालाच माहीत नसतात. नावाखाली बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात ते वाचा. एकाच दारूचं नाव असेल तर पेय साधं, तीन-चार दारूंची असतील तर नाटकानंतर बघू. लाँग आयलंड आइस्ड टी नावाला भुलून अनेक सोज्वळ माणसं फसली आहेत. त्यात चहाचा थेंब नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि ट्रिपल सेक नावाची संत्र्याची गोड दारू एका ग्लासात असतात, वर कोला. दुसऱ्या अंकाला घोरणारे गृहस्थ बहुधा तेच पिऊन आलेले असतात. मार्टिनी दिसते नाजूक, पण ती जवळजवळ नुसती दारूच. निग्रोनी म्हणजे जिन, कँपारी ही कडू इटालियन दारू आणि गोड व्हरमूथ, म्हणजे मसाल्याची वाइन, समसमान. कारल्याची भाजी आवडणाऱ्यांना आवडते. तुमच्या यजमानांना व्हिस्कीची सवय आहे, त्यांना व्हिस्की सावर घेऊ द्या. व्हिस्की, लिंबू, साखर. त्यावर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा फेस असू शकतो, नको असेल तर आधी सांगायचं.

तुम्ही टॉम कॉलिन्स घ्या. जिन, लिंबाचा रस, साखर, सोडा. आपल्या लिंबू सोड्याची शिकलेली मावसबहीण. उंच ग्लास, भरपूर बर्फ, सावकाश संपतं. जिन गोव्यात बनलेली घेतलीत तरी उत्तम. हल्ली आपल्याकडे फार चांगल्या जिन होतात आणि परदेशीपेक्षा बिल हलकं राहतं. साखर कमी हवी असेल तर तसं सांगा, बारटेंडरला राग येत नाही, उलट आपल्याला कळतंय असं वाटून तो जरा जपून बनवतो. कोकम घातलेली कॉकटेलंही आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. मी आशेने तीन ठिकाणी मागवली, आमसुलाचं सार आईसारखं कुणाला जमत नाही तसंच आहे ते. ऐनवेळी अजिबात घ्यावंसं वाटलं नाही तर तेही चालतं. बिनदारूचं पेय मागवायला बारमध्ये कुणाची परवानगी लागत नाही, फक्त 'व्हर्जिन मोहितो' नको, साखरेचा पाक असतो नुसता.

प्रत्येकी किती? एक. फार तर यजमानांना दुसरं लहान. एका कॉकटेलमध्ये साधारण ४५ ते ६० मिलिलिटर दारू असते, म्हणजे दीड-दोन छोटे पेग, घरच्या मापाने हिशेब केलात तर लक्षात येईल. शरीर ते तासाभरात पुरतं निस्तरत नाही. एका ग्लासाने माणूस नाटकातल्या विनोदाला अर्धा क्षण आधी हसतो, दोनने उशिरा. गाडी घेऊन येऊ नका हे सांगायला नको. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि तिच्यासाठी एक ग्लास पुरू शकतो. लोकल मध्यरात्रीपर्यंत आहेत. रविवारचं नाटक असतं तर मेगाब्लॉक बघावा लागला असता, शनिवारी तेवढं सुख.

चकण्याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. परमिट रूमचा चकणा, म्हणजे शेंगदाणे, चणे, काकडी, मसाला पापड, हा पिण्यासाठी असतो. खारट तिखट खायचं, तहान लागते, आणखी मागवायचं. नाटकाआधी हे नेमकं उलट करायचंय. मध्यंतर साडेआठच्या आसपास होणार, जेवण दहानंतर. तेव्हा पोटाला आधार होईल असं काहीतरी आधी येऊ द्या आणि ग्लास नंतर. ऑर्डर देतानाच सांगा, "खाणं आधी." कटलेट, चीज टोस्ट, पनीरचा किंवा चिकनचा टिक्का, छोटं सँडविच, असलं हाताने उचलून दोन घासांत संपणारं. सुरमई फ्राय बघून हात शिवशिवेल, पण काटे काढत बसाल आणि साडीवर तेल सांडाल. 'स्मॉल प्लेट' म्हणून येतं ते खरोखर स्मॉल असतं. बशी फुटभराची आणि त्यात मध्यभागी चार तुकडे, वर एक फूल. दोघांत दोन प्लेट मागवा. जेवण मात्र करू नका, भरल्या पोटी अंधार आणि एसी मिळाला की डोळे मिटतात, त्यात नाटककाराचा काही दोष नसतो.

वासाचं विचारलंत ते बरं केलंत. एका कॉकटेलचा वास खाल्ल्यावर आणि पाणी प्यायल्यावर शेजारच्या खुर्चीपर्यंत फारसा जात नाही. लसणाचा जातो. गार्लिक ब्रेड, लसणीची चटणी, कच्चा कांदा हे त्या संध्याकाळी टाळा, भाऊजी तुमच्याच बाजूला बसणार आहेत. काजूची फेणीही नको, तिचा दरवळ दुसऱ्या दिवशी अंघोळीपर्यंत सोबत करतो. हे मी फेणीच्या प्रेमाने म्हणतेय, माझं सासर सावंतवाडीचं. बडीशेप पर्समध्ये ठेवा. च्युइंगगम नको, त्या शांत सभागृहात चघळल्याचा आवाज येतो, आणि ते चघळणारा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतंच.

पैसे. चांगल्या बारमध्ये एक कॉकटेल साधारण ७०० ते १,००० रुपयांच्या आसपास, पंचतारांकित हॉटेलात त्याहून बरंच वर, आणि मेनूवरच्या आकड्यात कर धरलेला नसतो. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. परमिट रूमच्या दारूवरचा तो २०२३ च्या नोव्हेंबरात ५ वरून १० टक्के झाला. खाण्यावर जीएसटी वेगळा, मोठ्या हॉटेलांत तो जास्त. खाली 'सर्व्हिस चार्ज' असेल तर तो ऐच्छिक असतो, नको म्हणून काढायला सांगता येतो. मी काढायला लावते आणि तेवढेच, कधी थोडे कमी, पोराच्या हातात देते. दोन कॉकटेल, दोन प्लेट आणि पाणी, एवढ्याला हॉटेलात पाच-सहा हजारांची तयारी ठेवून जा, कुलाब्यात त्याच्या निम्म्याची. पाणी बाटलीचंच हवं का असं विचारतील, साधं पाणी मागितलं तर ते द्यावं लागतं. आणि मेनू ऑनलाइन आधीच बघून ठेवा, म्हणजे टेबलावर बसून उजवीकडचा रकाना वाचताना चेहरा बदलत नाही. हा डोंबिवलीचा प्रश्न नाही, मलबार हिलवरचीही बघतात, फक्त चष्मा न काढता.

मुलगी फोटो मागणार. पहिला घोट घ्यायच्या आधी एक काढून पाठवा आणि फोन पर्समध्ये टाका, नाहीतर "मम्मा, काय मागवलंस?"ची उत्तरं देता देता साडेपाच वाजतील. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, खिडकीतून समुद्र दिसत असतो.

सहाला बिल मागा म्हटलंय ते विसरू नका. कार्डाचं यंत्र नेमकं तेव्हाच नेटवर्क शोधत असतं. तिकिटं मुलीच्या फोनवर असतील तर ती आदल्या दिवशीच तुमच्या फोनवर घ्या, सव्वासहाला तिला बंगळुरूला फोन लावू नका. हॉटेलातून बाहेर पडून डावीकडे समुद्राच्या कडेने चालत निघा, सरळ टोकापर्यंत, साडीवरच्या चपला सपाट असू द्या. भाऊजी वेळेचे पक्के दिसतात, सहा वीसलाच येऊन उभे असतील. कॉफी तुम्ही पाजा, आणि सूर्यास्त कसा दिसला ते त्यांना विचारा. नणंदेने "कसं होतं गं?" म्हणून हळूच विचारलं, तर टॉम कॉलिन्सबद्दल तिला खरं काय ते सांगा.